फी सुरू होईपर्यंत

मिरजेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "गाणं शिकवायला लागेन तेव्हापासून फी घेईन." मला वाटलं, महिनाभराची सवलत असेल. पुढे कितीतरी काळ मी सांगलीहून शनिवार-रविवारी त्यांच्याकडे जात राहिले, चहा पीत राहिले आणि एक पैसाही न देता परत येत राहिले.

मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, बँकेत नोकरीला. डोक्यात एकच होतं, चाळिशीच्या आत विशारद व्हायचं. शाळेत असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका पूर्ण झाली होती. मग लग्न, बदल्या, मुलगा; सगळ्यांच्या घरी होतं तसंच. राहिल्या होत्या मध्यमाच्या दोन परीक्षा आणि विशारदच्या दोन. कोणत्या सत्राला कोणता फॉर्म भरायचा, याचं वेळापत्रक मी डायरीत आखून नेलं होतं. बाईंनी ते नीट वाचलं, चष्मा काढला आणि कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडे बोट दाखवलं. "छान आहे. आता तो घे आणि लाव."

तानपुरा लावणं म्हणजे गाण्याआधीचं किरकोळ काम, अशी माझी समजूत. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. पहिली तार पंचमाची, मग जोडीच्या दोन, शेवटी पितळेची खर्जाची. मी खुंट्या पिळायची आणि बाई आत भाजी चिरता चिरता ओरडायच्या, "चढली!" थोड्या वेळाने, "आता उतरली!" खुंटी धरेनाशी झाली की तिला खडू लावायचा. जोडी जवळजवळ मिळाली की घोडीखालचा मणी कणभर सरकवायचा. तो कणभर किती, हे सांगून कळत नाही. दोन तारा एकच सूर देतायत असं मी छातीठोकपणे म्हणावं आणि बाईंनी आतूनच म्हणावं, "जोडी भांडतेय अजून." मला भांडण ऐकूच यायचं नाही. बँकेत दिवसभर आकडे जुळवणारी मी. इथे मात्र जुळलं की नाही हेच कळेना.

त्या काळात मी मनातून चिडलेली असायची. माझ्याबरोबरच्या एकीची दुसऱ्या क्लासमध्ये मध्यमा पूर्ण होऊन गेली आणि माझा साधा सा लागत नव्हता. बाईंना हे दिसत असणारच, पण त्यांनी कधी समजूत घातली नाही. धीर धर, हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. त्या गोष्टी सांगायच्या. भास्करबुवा बखले चांगले नावाजलेले गवई असताना अल्लादियाखाँसाहेबांकडे पुन्हा शिष्य म्हणून कसे गेले, ही त्यांची आवडती गोष्ट. दुसरी अब्दुल करीमखाँसाहेबांची. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुती मोजत होते तेव्हा खाँसाहेबांनी त्यांना गाऊन दाखवलं, हे त्या अशा सांगत की जणू शेजारच्या खोलीत चाललंय. मिरजेत हे सोपंही होतं. खाँसाहेबांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. बाई चिंचेच्या झाडाखाली बसून ते ऐकत मोठ्या झालेल्या.

एके दिवशी तानपुरा काही केल्या बोलेना. सूर मिळतोय, पण आवाज बसका. बाई म्हणाल्या, "जवारी गेली. चाचांकडे घेऊन जा." सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदा गेले ती अशी. दुकान कसलं, एक लांबट खोली. भिंतीला सुके भोपळे टांगलेले, जमिनीवर तुणीच्या लाकडाचा भुसा. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. महिनोन्महिने वाळल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. चाचांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. पटवर्धनांच्या मिरजेत तलवारींचं काम कमी झालं आणि त्यातले काही जण एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या किती आधीपासून ही गल्ली हेच करतेय.

चाचांनी तारा ढिल्या केल्या आणि घोडी उजेडाकडे वळवली. तारांनी तिच्यावर बारीक चरे पाडले होते, म्हणून जवारी, म्हणजे तारेची गुंज, गेली होती. मग कानशीचे दोन हलके हात. तारा पुन्हा चढवल्या, लावल्या, छेडल्या. मान हलली, ती नाही म्हणून. तारा पुन्हा उतरवल्या. पुन्हा कानस. मध्येच ते तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मी घड्याळ बघत होते. शेवटी विचारलंच, "अजून किती वेळ?"

"ताई, तुम्ही जरा गप बसलासा तर लौकर हुईल."

गप बसले. दुसरं करायला काही नव्हतं म्हणून ऐकू लागले. कानस फिरली की आवाजात काय बदलतं, दोरा सरकला की काय उघडतं, हे हळूहळू वेगळं व्हायला लागलं. आणि दुपार उलटत असताना खर्जाच्या तारेतून गंधार आला. तो कुणी वाजवलेला नव्हता. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मी मध्यमाच्या शास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेसाठी पाठही केलं होतं. चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आला न्हवं?"

धीर म्हणजे मन मारून ताटकळत राहणं, अशी माझी कल्पना होती. म्हणून तो मला जमत नव्हता. कानाला काम मिळालं आणि ताटकळणं संपलं. पुढच्या शनिवारी जोडीतलं भांडण मला बाईंच्या आधी ऐकू आलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाई सहज म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून फी आण. यमन काढू." खिशातून पैसे जाण्याचा इतका आनंद मला आजवर दुसऱ्या कशाने झालेला नाही. अर्थात यमनही लवकर सुटला नाही, पण त्याबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही. डायरीतलं वेळापत्रक तसंच राहिलं, चाळिशी मध्यमाच्या आसपास कुठेतरी येऊन गेली.

विशारद पूर्णचा निकाल लागला तेव्हा मी सुरुवातीच्या त्या बिनपैशाच्या काळाचा हिशेब मांडला, बँकेतली सवय, आणि पाकीट बाईंपुढे ठेवलं. त्या जवळजवळ रागावल्याच. "तेव्हा मी तुला शिकवलं काय? तू लावत बसलीस, मी भाजी चिरत होते. पैसे कशाचे?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "माझ्या जुन्या तानपुऱ्याची घोडी बदलायची आहे. चाचांना दे जा."

चाचांनी घोडीचे तेवढे पैसे काढून घेतले, बाकीचे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि विचारलं, "इशारद झालासा. मग सवताचा तानपुरा कधी घेनार?" मी लगेच हो म्हटलं. त्यांनी वर भोपळ्यांकडे पाहिलं, एकदोन टिचकी मारून बघितले. बायकांच्या सुराला हवा तसा एक होता, पण तो अजून ओला होता. "ह्यो एक उन्हाळा जाऊ दे. दिवाळीनंतर बोलू." उरलेले पैसे मी विसार म्हणून तिथेच ठेवून आले.