गिरणीबाहेरचा माणूस

दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांना, विशेषतः स्थानिक कामगार टाळीत असलेल्या रात्रपाळीला, माणसे कमी पडू लागली. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दिलेला असल्यामुळे पंजाब, मीरपूर, सिल्हेट आणि कॅरिबियन बेटांवरून कामगारांचा ओघ या शहराकडे वळला. मॅनिंगहॅम लेनवरील ‘बेल व्ह्यू’ या, १९२६ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओत टोनी वॉकर यांनी या माणसांची छायाचित्रे काढली. जुन्या धाटणीचा कॅमेरा आणि काचेची निगेटिव्ह, म्हणजे प्रकाशसंवेदी लेप दिलेली काच, हीच त्यांची साधने राहिली. १९७५ मध्ये स्टुडिओ बंद झाला.

छायाचित्र बहुधा बुटांपासून डोक्यापर्यंत पूर्ण उभे असे. अंगात सूट, गळ्यात टाय, वरच्या खिशात पेन आणि हात असा ठेवलेला, की बाही किंचित मागे सरून मनगटावरचे घड्याळ दिसावे. गावी पाठविण्यासाठी केलेला हा बडेजाव, असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे असले, तरी घड्याळाचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. गिरणीत कामगाराचा वेळ पाळीच्या हिशेबाने विकत घेतलेला असे. छायाचित्रात मात्र वेळ त्याच्या स्वतःच्या मनगटावर होती. लोकरीचा वास आणि यंत्रांचा खडखडाट चौकटीबाहेर ठेवणे ही लपवाछपवी खरीच, पण आपण कोणत्या रूपात ओळखले जावे, हे ठरविण्याची दुसरी जागा त्याला कुठे होती?

या रुबाबाची किंमतही चुकवावी लागत असणार. असे छायाचित्र घरी लावले गेले, की पैशांच्या अपेक्षा वाढणे ओघानेच आले, आणि पुढच्या पत्रात हलाखी लिहिणे अवघड होऊन बसे.

१९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या ब्रिटनमधील प्रवेशावर निर्बंध घातल्यावर, परतण्याच्या बेतात असलेल्या अनेकांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. ज्यांना पाहण्यासाठी छायाचित्र धाडले जाई, तीच माणसे आता चौकटीत शेजारी उभी राहू लागली. त्यांच्यापासून रात्रपाळी झाकण्याची सोय उरली नाही, तरी गावी राहिलेल्या आईवडिलांसाठी सूट आणि टाय कायम राहिले.