अलिबागचं घर जुलैत बघा!

पस्तिशीतच रिटायरमेंटचा प्लॅन? आईबाबांना हसू येईल, पण रविवारी संध्याकाळी मांडव्याच्या जेट्टीवर परतीच्या रांगेत कान देऊन बघा. किती गुंठे, रोडटच आहे का, विहीर आहे का... मुंबईतल्या वन बीएचकेचा ईएमआय फिटायचाय, तोवर साठीनंतरच्या झोपाळ्यासाठी टोकन देऊन मोकळे!

दोष अलिबागचाच. किहीमची सुरूची बनं, आक्षी-नागावच्या नारळी-पोफळीच्या वाड्या... माणूस विरघळणारच. त्यात २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, गाडीसकट तासाभरात मांडवा. २०२४ मध्ये अटल सेतूही आला.

पण हे सगळं आपण बघतो डिसेंबरात. घर जुलैतही तिथेच असणार ना? तेव्हा गेटवेच्या लाँच बंद असतात. वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि खाऱ्या हवेनं ग्रिलपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं गंजतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात. पासष्टीत ती वाट बघायची तयारी आहे?

आता कागद. एजंट म्हणतो, 'एनए होऊन जाईल हो!' झालंय का, ते विचारा. महाराष्ट्रात शेतकरी नसाल तर सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर आत्या, चुलते, मुंबईला गेलेला पुतण्या अशी सगळी नावं असली, तर प्रत्येकाची सही लागणार. आणि तो लाडका सी-व्ह्यू? भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागू होतात. वकिलाची फी वाचवू नका, प्लीज!

किहीमलाच १९३० मध्ये सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला होता. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम. आपण मात्र ब्रोशर बघून चेक फाडतो.

मला विचाराल तर खरी परीक्षा व्ह्यूची नाहीच. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर प्लॉटपासून तिथवर किती वेळ लागेल? एकदा रात्रीच गाडी काढून बघा, तीही पावसात. त्या वेळी बोट नसते. आणि मुलं तोवर पुण्यात असतील, नाहीतर बॉस्टनला.

तरीही मन मानत नसेल तर आधी एक पावसाळाभर नागावात घर भाड्यानं घ्या. लॅपटॉप आणि छत्री सोबत न्या. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या सुरमईचा हट्ट नको, सुकटीवर भागवायचं.