माणिकनगरची वाट आणि एक लहानशी डबी

काचीगुड्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला प्रवास म्हटला की आगगाडीच आठवते. १९१६ साली उभारलेल्या त्या घुमट-मिनारांच्या स्टेशनात एके काळी निजामाच्या रेल्वेचे मुख्य ठाणे होते, आणि मनमाडकडून येणाऱ्या मीटर गेजच्या गाड्यांनी मराठवाड्यातील किती घरे येथे आणून सोडली त्याची गणती नाही. आम्हा उभयतांची घरे त्यांतलीच. शेजारचे अण्णा तर रेल्वेच्याच नोकरीतून निवृत्त झालेले. परंतु त्यांचा नेम असा की दत्तजयंतीस माणिकनगरला जावयाचे ते पायीच. वयाच्या सोळाव्या वर्षी वडिलांच्या मागून ते प्रथम चालत गेले, आणि नोकरीतील बदल्यांची काही वर्षे सोडली तर हा नेम त्यांनी मोडला नाही.

श्रीमाणिकप्रभूंचे माणिकनगर बीदर जिल्ह्यात हुमनाबादला लागून आहे, हे वाचकांस सांगावयास नको. काचीगुड्यापासून ते सुमारे १६० किलोमीटर पडते. पाटणचेरू, संगारेड्डी, सदाशिवपेठ, जहीराबाद अशी ही वाट. नकाशावर पाहिले तर सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गच. त्यात शोधावयाचे ते काय, असे कोणासही वाटेल. पण अण्णांची वाट महामार्गावरून जात नसे. रस्ता जेथे रुंद झाला तेथे ते हळूच डावीकडच्या बोळात शिरत, एखाद्या कारखान्याच्या कुंपणामागून निघत, आणि जिच्या काठी त्यांच्या वडिलांच्या मंडळींनी भाकरी सोडली ती विहीर दाखवीत. विशेषतः पहिल्या तीन मजलांत, म्हणजे जेथे आता शहर पसरले आहे तेथे, अशी दहाबारा ठिकाणे होती. जहीराबादेच्या पुढची वाट इतरांनाही ठाऊक. ही पहिली वाट मात्र एकट्या अण्णांच्या पायांना ठाऊक होती.

२०२२ साली ते एकोणऐंशी वर्षांचे झाले आणि गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. तेव्हा मंडळींत ठरले की या खेपेस वाट टिपून ठेवावयाची. हे काम आमच्याकडे आले. कारण घरात थोडेबहुत यंत्रज्ञान आहे असा आमचा लौकिक होता. तो कितपत खरा होता हे पुढे कळेलच.

प्रथम सुचला तो हातातला मोबाईलच. तोही उपग्रहांचे संकेत घेतो, चाललेली वाट टिपतो. पण दिवसभर टिपीत राहिला तर संध्याकाळपूर्वीच त्याचा जीव जातो, आणि विजेची बचत करण्याच्या नादात तो टिपणारा प्रोग्राम आपणहून बंदही करून टाकतो. दुसरा पर्याय पडदा आणि नकाशा असलेल्या, हातात धरावयाच्या जी. पी. एस. यंत्राचा. ते साध्या पेन्सिल-सेलवर चालते, आणि असे सेल वाटेवरच्या कोणत्याही दुकानात मिळतात, हा मोठा गुण. परंतु किंमत आमच्या वर्गणीस झेपणारी नव्हती. तिसरा पर्याय नुसत्या नोंदणाऱ्या डबीचा, म्हणजे ट्रॅक लॉगरचा. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, पडदा नाही, एक कळ आणि एक मिणमिणता दिवा. आपण कोठे आहो हे ती सांगत नाही. कोठे होतो एवढे लिहून ठेवते. आम्ही ती घेतली. मंडळींतल्या कारवारकडच्या एक बाई म्हणाल्या, ‘वाट’ हा शब्द आमच्या कोंकणीतही वाटच, तेव्हा डबीला भाषेची अडचण पडू नये!

तिचे काम कसे चालते हे समजून घेताना आम्हांस फार गंमत वाटली. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात आणि प्रत्येक जण आपल्या अणुघड्याळाची वेळ सांगत असतो. संकेत पोहोचावयास किती वेळ लागला त्यावरून डबी अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरावी; पण डबीचे स्वतःचे घड्याळ स्वस्तातले, त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचे सरकार नागरी संकेतात बुद्ध्याच चूक मिसळीत असे. त्या काळी शंभर मीटरपर्यंतचा फरक पडे आणि एखादी विहीर शोधणे हे कठीणच झाले असते. आता उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरांचा फरक धरावा. उंच इमारतींच्या बोळात मात्र संकेत भिंतींवर आपटून येतात आणि कागदावरचा यात्रेकरू घरांतून आरपार चालत जातो.

या प्रांताला मोजणीचे काम नवे नव्हे. कर्नल लॅम्टनचे ते प्रचंड त्रिकोणमापन हैदराबादच्या मुलुखातूनच उत्तरेकडे सरकले. त्याचे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचे होते. एव्हरेस्ट येथेच १८१८ साली त्याच्या हाताखाली आला, आणि लॅम्टनने हैदराबादेहून नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे १८२३ च्या जानेवारीत देह ठेवला. त्याने कशाकशातून मोजणी केली, आणि आम्ही एक डबी खिशात टाकून निघालो!

येथेच आमची चूक झाली. डबीत दोन गोष्टी ठरवावयाच्या असतात: किती वेळाने एक बिंदू लिहावयाचा, आणि जागा भरली तर काय करावयाचे. आम्हांस वाटले, जितके दाट तितके चांगले. म्हणून दर सेकंदास एक बिंदू ठेवला. चालणारा माणूस सेकंदाला जेमतेम एक मीटर पुढे जातो, आणि यंत्राची चूकच तीन मीटरांची; तेव्हा या दाटपणात सत्य कमी आणि थरथरच अधिक, हा साधा हिशेब आम्ही केला नाही. दुसऱ्या गोष्टीकडे तर पाहिलेच नाही. जागा संपली की सर्वांत जुने बिंदू पुसून त्यांवर नवे लिहावयाचे, अशी तिची मूळची योजना होती.

३० नोव्हेंबरला पहाटे निघालो. रोज सुमारे आठ तासांची चाल. अण्णा पुढे, त्यांच्या पिशवीला बांधलेली डबी, आणि मागे आम्ही. एका ठिकाणी एक कडुनिंब राहिला होता, त्याखालचा पार गेला होता. अण्णा त्या जागी चपला काढून क्षणभर उभे राहिले, तेव्हा आम्हीही राहिलो. दर मुक्कामी डबीचा दिवा लुकलुकत असे आणि आम्हांस वाटे, सारे लिहिले जात आहे. ६ डिसेंबरला संध्याकाळी माणिकनगरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती.

परत आल्यावर संगणकाला डबी जोडली. नकाशावर तांबडी रेघ उमटली. ती सुरू होत होती संगारेड्डी आणि सदाशिवपेठ यांच्या मध्ये. त्यापूर्वी काहीच नाही. आठ तासांचे २८,८०० बिंदू. सात दिवसांचे दोन लाखांहून अधिक. डबीत मावत होते १,२०,०००. दहा सेकंदांस एक बिंदू घेतला असता तर सारी वाट डबीच्या सहाव्या हिश्शात बसली असती. ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास, जेथून लॅम्टनच्या मोजणीची रांग गेली, तेथून आमची रेघ सुरू होत होती. या योगायोगाचे कौतुक करण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

त्याच संध्याकाळी अण्णांनी विचारले, “काय हो, उतरली का आपली वाट?” आम्ही म्हणालो, “उतरली.”

हे असत्य आम्ही तीन आठवडे बाळगले. देवळात ते भेटत, आणि अमुक बोळ तिच्यात आला का, असे उत्सुकतेने विचारीत. शेवटी संक्रांतीच्या अगोदर त्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला तेव्हाच सांगायचं होतं. तेव्हा गुडघे बरे होते.” आम्हांस याहून कडक शब्द चालले असते.

त्यानंतर मोटार करून त्यांना घेऊन गेलो. डबी दहा सेकंदांवर ठेवली, भरली की थांबावे असे ठरवले, आणि आधी पाच मिनिटे मोकळ्या आकाशाखाली धरून उपग्रह गाठू दिले. मोटार बोळात शिरत नव्हती. अण्णा काचेतून हात करून सांगत, “त्या भिंतीमागं,” आणि आम्ही उतरून पळत जाऊन त्या जागी डबी धरून येत असू. कडुनिंब सापडला. विहीरही सापडली, तिच्यावर लोखंडी जाळी होती. दोन ठिकाणे मात्र बाह्यवळण मार्गाच्या पुलाजवळ अण्णांनाच ओळखू येईनात. ते तेथे बराच वेळ गाडीत बसून राहिले, आणि मग चला म्हणाले.

२०२३ च्या श्रावणात, अधिक मास संपल्यावर थोड्याच दिवसांत, अण्णा गेले.

नकाशाचा प्रोग्राम तुटलेल्या ठिकाणी दोन टोके आपोआप सरळ रेघेने जोडतो. आमच्या एका पुतण्याने तसे जोडून दिलेही. दिसावयास ते फारच सुबक होते, परंतु ती रेघ एका तलावातून गेली होती. आम्ही ती काढून टाकली. मंडळींपैकी कोणी कोणी म्हणतात की महामार्गावरूनच रेघ ओढा, नव्या माणसाला काय कळणार आहे. आम्हांस ते पटत नाही. जी वाट अण्णा चालले नाहीत ती त्यांच्या नावावर कशी लिहावी? आता त्या फायलीत काचीगुड्यापासून सदाशिवपेठेच्या अलीकडेपर्यंत नुसते नऊ ठिपके आहेत, आणि प्रत्येकापुढे अण्णांनी सांगितलेली ओळ: येथे विहीर, येथे पार होता, येथे वडील थांबत. दोन ठिपक्यांच्या मध्ये कसे जावे हे चालणाऱ्याने विचारीत विचारीत जावे. मागच्या खेपेस निघालेल्या मुलांनी तसेच केले. विहिरीजवळच्या घरातल्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईने त्यांना पाणी दिले, आणि यंदा पुढे चालणारे आजोबा कोठे आहेत म्हणून विचारले.