पंधरा मिनिटांची मुभा

व्हॉट्सॲपवर पाठवून झालेला संदेश दुरुस्त करण्याची सोय मे २०२३ मध्ये आली. आमच्या घरात तिचा सर्वांत जास्त आनंद सासूबाईंना झाला. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. बोट लावून मराठी लिहिणे जमत नाही, म्हणून त्या बोलतात आणि फोन लिहितो. पण फोन आपल्या अकलेने लिहितो. अम्मी म्हणतात ‘दुआ करा’, तो लिहितो ‘धुवा करा’. अम्मी म्हणतात ‘खाला आल्या’, तो लिहितो ‘खाली आल्या’. पूर्वी असा संदेश खानदानाच्या ग्रुपवर गेला की मुंब्र्यापासून कुवेतपर्यंत सगळी पोरे दिवसभर हसत बसायची. आता नातीने शिकवल्याप्रमाणे अम्मी संदेशावर बोट दाबून धरतात, ‘एडिट’ निवडतात आणि चूक दुरुस्त करतात. पाठवल्यापासून पंधरा मिनिटांत हे करता येते. संदेशाखाली ‘एडिटेड’ असा बारीक शब्द उमटतो, एवढेच.

ही सोय चांगलीच आहे. चूक सुधारायला वाट मिळाली तर कोणाला नको असते? आमच्या लहानपणी अब्बा कुवेतला होते. दोन-दोन महिन्यांनी पत्र यायचे, कधी गावाला येणाऱ्या माणसाबरोबर आवाजाची कॅसेट यायची. पत्रात एखादा शब्द चुकला की अब्बा त्यावर आडवी रेघ मारून पुढे लिहीत. काही राहिले, काही बदलले, तर शेवटी ‘ता. क.’ लिहून दोन ओळी जोडत. ‘वर १० तारखेला येणार असे लिहिले आहे, पण तिकीट १७ चे मिळाले’, असे. आधी काय लिहिले होते आणि आता काय खरे, ही दोन्ही त्याच कागदावर दिसायची. खोडलेला शब्दही आम्ही दिव्यासमोर धरून वाचायचो.

मोबाइलमधल्या दुरुस्तीत ही रेघ दिसत नाही. जुना मजकूर जातो, नवा त्याच्या जागी बसतो. सिग्नल नावाच्या ॲपमध्ये ‘एडिटेड’वर बोट ठेवले तर आधीचा मजकूर पाहता येतो. व्हॉट्सॲपवर तो पाहता येत नाही. शिवाय दोन गोष्टी पुष्कळांच्या ध्यानात नसतात. पहिली ही की, पंधरा मिनिटे मोजली जातात ती पाठवल्यापासून, समोरच्याने वाचल्यापासून नव्हे. दुसरी ही की, संदेश दुरुस्त केल्यावर कोणाच्याही फोनवर नवी सूचना वाजत नाही. ज्याने आधीच वाचून फोन खिशात टाकला, त्याला बदल झाल्याचे कळायला मार्गच नसतो.

याची किंमत आमच्या मामूंनी मोजली.

माझ्या खालूंचा इंतकाल पहाटे झाला. सकाळी सातच्या सुमारास खानदानाच्या ग्रुपवर घरातल्याच एका मुलाने कळवले की जनाजा असरनंतर आहे. पाच-सात मिनिटांत मोठ्यांचा विचार बदलला, कारण पावसाचे दिवस होते आणि दुपारनंतर जोर वाढण्याची भीती होती. मुलाने लगेच त्याच संदेशात ‘असर’ काढून ‘जोहर’ केले. त्याच्या हेतूत काहीच खोट नव्हती. दोन वेळा दोन संदेश टाकून लोकांचा घोळ होऊ नये, असेच त्याला वाटले.

मामूंनी मुंब्र्यात पहिला संदेश आल्या आल्या वाचला होता. असरचा हिशेब धरून त्यांनी कामावर कळवले, मामींना घेतले आणि दहाच्या सुमारास खेडच्या बाजूला निघाले. सातलाच निघाले असते तर जोहरला पोहोचले असते. वाटेत ग्रुपवर इन्ना लिल्लाहिचे संदेश एकामागून एक येत होते आणि त्यांच्या ओझ्याखाली तो सकाळचा संदेश कुठल्या कुठे वर गेला होता. एकदा वाचलेला संदेश पुन्हा वर जाऊन कोण वाचतो? घरच्यांना वाटले, ग्रुपवर आहेच, वेगळा फोन कशाला? कुवेतच्या आमच्या भावांच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले होते. त्यांनी उठल्यावर वाचले, तेव्हा त्यांना ‘जोहर’च दिसले. म्हणजे हजारो मैलांवर बसलेल्यांना खरी वेळ ठाऊक होती आणि वाटेवरच्या माणसाला नव्हती.

मामू पोहोचले तेव्हा लोक कब्रस्तानातून परतत होते. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला, चाळीस वर्षांच्या सोबत्याला, त्यांना खांदा देता आला नाही. ओल्या मातीपाशी उभे राहून त्यांनी दुआ केली. पण त्याहून वाईट संध्याकाळी झाले. कोणीतरी फोन पुढे करून म्हणाले, “मामू, ग्रुपवर तर साफ जोहर लिहिले आहे. तुम्ही नीट वाचले नसेल.” मामू म्हणाले, “मी असरच वाचले, बेटा.” फोनवर मात्र ‘जोहर’ होते. ‘एडिटेड’ हा शब्द मी दाखवेपर्यंत कोणाच्या नजरेत आला नव्हता. तो पाहून त्या मुलाने मान खाली घालून सगळे सांगितले, तेव्हा मामूंचा चेहरा जरा सैल झाला. जनाजा चुकल्याचे दुःख होतेच, पण आपण खोटे ठरलो नाही एवढा तरी दिलासा मिळाला.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे लक्ष देऊन पाहते. ओळखीच्या एका घरात गावच्या घराच्या खर्चावरून दोन भावांचे ग्रुपवर वाजले. थोरल्याने काहीतरी झोंबणारे लिहिले. धाकट्याने ते वाचून तितकेच तिखट उत्तर दिले. थोरल्याचा राग उतरला आणि त्याने आपला संदेश बदलून सौम्य केला. राग आवरणे चांगलेच, पण संध्याकाळी बाकीच्यांनी ग्रुप उघडला तेव्हा वर थोरल्याचे शांत शब्द आणि खाली धाकट्याचा भडका दिसला. सगळ्यांनी धाकट्यालाच दोष दिला. थोरल्याने खाली एवढेच लिहिले असते की ‘मी आधी कडक बोललो होतो, ते मागे घेतो’, तर भांडण तिथेच मिटले असते.

संदेश सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय २०१७ पासून आहे आणि आता त्यासाठी दोन दिवसांहून जास्त मुदत मिळते. तिथे निदान ‘संदेश काढला’ अशी जागा राहते आणि कोणीतरी विचारते, “काय लिहिले होते?” बदललेल्या संदेशाबद्दल कोणी विचारत नाही, कारण तो पूर्ण दिसतो.

पैशांच्या बाबतीत तर फारच जपायला हवे. आज घराघरात उसनवारी, भिशीचे हप्ते, लग्नाचा खर्च हे सगळे व्हॉट्सॲपवरच लिहिले जाते. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचे लिखाण आणि साक्षीदार यांबद्दलच आहे, हे आपण सर्वजण जाणतो. लिहून ठेवायचे ते दोघांनी एकच मजकूर पाहावा म्हणून. रकमेचा आकडा गुपचूप बदलला, मग तो बरोबर करण्यासाठी का असेना, तर दोघांकडचा मजकूर एक राहत नाही. चेकवर खाडाखोड चालत नाही, कागदपत्रात खोडले तर बाजूला सही करावी लागते. आपल्या आपसातल्या हिशेबाला याहून कमी काळजी का असावी?

आमच्या घरापुरता आम्ही एक रिवाज ठरवला आहे. अक्षर चुकले तर खुशाल दुरुस्त करावे, ‘धुवा’ची ‘दुआ’ करायला कोणाची परवानगी नको. पण अर्थ बदलत असेल, म्हणजे वेळ, तारीख, जागा, रक्कम किंवा कोणाचे नाव, तर जुना संदेश तसाच ठेवून खाली नवा लिहावा. रागाचे शब्द बदलले तर बदलल्याचे सांगावे. आणि जनाजा असो, ऑपरेशन असो की गाडीची वेळ, जो माणूस वाटेत असेल त्याला फोन करावा.

खालूंच्या इंतकालाची खबर टाकणारा तो मुलगाच आता हे सर्वांत नेमाने पाळतो. परवा एका निकाहची वेळ बदलली, तेव्हा त्याने ग्रुपवर लिहिले, ‘निकाह ११ ऐवजी १२ वाजता आहे. सकाळचा संदेश धरू नये. वाचल्यावर कळले म्हणून लिहा.’ ज्यांचे उत्तर आले नाही अशा चौघांना त्याने एकेक करून फोन लावला. त्यात पहिला फोन मामूंना होता.