वास नसलेलं घर

मागच्या जुलैतली गोष्ट. शनिवार. बायकोच्या हापिसातली मंडळी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला येणार होती. तीन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. हॉलमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत (म्हणजे न वाळत!) घातलेले, आणि घरभर एक कुबट वास. पावसाळ्यात ठाकुर्ली-डोंबिवलीकडे ज्याने दोन खोल्यांचा संसार केलाय त्याला हा वास वेगळा समजावून सांगायला नको.

तर आम्ही तिघांनीही, एकमेकांना न विचारता, घर 'फ्रेश' करायचं मनावर घेतलं. बायकोने लादी पुसायच्या बादलीत दुप्पट फिनेल ओतलं. आईने दिवेलागणीला धूप पेटवून घरभर फिरवला. आणि अस्मादिकांनी मोगऱ्याच्या वासाचा रूम स्प्रे फसाफसा मारला. पडद्यांवरसुद्धा. पाहुणे आले, "वा, काय प्रसन्न वाटतंय तुमच्याकडे" म्हणाले, जेवले, आणि स्लो लोकल पकडायला वेळेत निघाले. (ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे पाहुणे वेळेत निघतात. हा एक फायदा.)

रात्री दोन वाजता लेक उठून बसली.

ती सहा वर्षांची. दमा आहे, चौथ्या वर्षीच कळलं. खांदे वर उचलून श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिट्टी. निळा पंप, स्पेसर, मोजून पफ. मी मोबाइलवर मिनिटं बघतोय, बायको तिची पाठ धरून बसलीय, आई दाराशी उभी. वीसेक मिनिटांनी शिट्टी कमी झाली. ती वीस मिनिटं किती लांब असतात ते ज्यांनी काढलीत त्यांनाच ठाऊक.

सकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "काल घरात वेगळं काय केलंत?" तिघेही गप्प. मग तिघांनीही एकदमच कबुलीजबाब द्यायला सुरुवात केली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "तिच्या छातीला मोगरा आणि फिनेल यातला फरक कळत नाही हो. दोन्हीचा त्रासच."

घरी आल्यावर मी आपल्या सवयीप्रमाणे वाचत सुटलो. कळलेलं थोडक्यात सांगतो. रूम स्प्रे वास घालवत नाही, आधीच्या वासावर दुसरा वास चढवतो. शिवाय लिंबू-संत्र्याचा वास देणारं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिसळलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतं. बाटलीवर 'नॅचरल' लिहिलं म्हणून फरक पडत नाही. धूप-उदबत्ती म्हणजे शेवटी धूरच, त्यातले बारीक कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. आणि डासांची कॉइल? २००३ साली चीन आणि मलेशियातल्या कॉइल्सवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण हवेत सोडते, असं त्यात निघालं. वाचून मी उठलो आणि बाल्कनीतलं कॉइलचं पाकीट केराच्या डब्यात टाकलं. खिडक्यांना जाळ्या होत्याच. दाराला एक बसवली.

पण मग मूळ वासाचं काय? कोडमध्ये एरर येतेय म्हणून आपण रिकामा कॅच ब्लॉक टाकतो, एरर दिसायची बंद होते आणि आपण खूश. तीन महिन्यांनी प्रॉडक्शन झोपतं. मी घरात नेमकं हेच करत होतो. कुबट वास हा घराचा एरर मेसेज होता आणि मी त्याच्यावर मोगरा फवारत होतो.

पुढच्या रविवारी बेडरूममधलं लाकडी कपाट ओढलं. मागची भिंत बघून पोटात गोळाच आला. जमिनीपासून कमरेपर्यंत काळपट हिरवी बुरशी, रंगाचे पोपडे. बाहेरच्या भिंतीला तडा गेलेला, पाणी आत झिरपत होतं. कपाट भिंतीला चिकटून, त्यामुळे हवा नाही. आणि हे सगळं लेकीच्या उशापासून चार फुटांवर! कुबट वास म्हणजे ही बुरशी वाढताना सोडत असलेले वायू, हे तोवर वाचून झालं होतं.

आई मागे उभी होती. हळूच म्हणाली, "मला जूनपासूनच येत होता रे वास. म्हणून तर धूप घालायला लागले."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"गेल्याच दिवाळीत एवढा रंग काढलास. हप्ते चालू आहेत. आणखी खर्च कशाला सांगायचा तुला?"

आता यावर काय बोलणार? मी स्प्रे मारत होतो पाहुण्यांपासून लपवायला. बायको फिनेल टाकत होती आईंना घर अस्वच्छ वाटू नये म्हणून. आणि आई धूप घालत होती मला कळू नये म्हणून. तिघांचा प्रेमाचा कारभार, आणि श्वास कोंडला लेकीचा.

मग हळूहळू, एकेका वीकांताला एकेक काम काढलं. बाहेरून तडा बुजवून घेतला. ओली भिंत खरवडून, पूर्ण वाळवून मगच रंग. तोवर लेक आजोळी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. मोरीत आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट, फोडणीच्या आधी सुरू करायचा, मिरचीचा खकाणा उठल्यावर नाही. कोरडा झाडू बंद, त्याने धूळ नुसती जागा बदलते. ओलं फडकं. लादीला बिनवासाचा साबण, आणि जोरात घासायचं असेल तेव्हा लेक शाळेत असताना. (ब्लीच आणि संडासचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.) फ्रीजमध्ये आणि चपलांच्या कपाटात वाटीभर खायचा सोडा. अभ्रे-चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात, कारण गादीतल्या धुळीच्या किड्यांना त्याहून कमी गरम पाणी म्हणजे अभ्यंगस्नान. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली आली की हे किडे तगत नाहीत. पण आमच्याकडे पावसाळ्यात ती ८०-९० असते. म्हणून गादीला बंद कव्हर, आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली की गाद्या गच्चीवर. हे शेवटचं आईचं. आपल्या आज्या-पणज्या हेच करायच्या, किड्यांचं नाव माहीत नसताना.

खिडकीचा प्रश्न मात्र अवघड. जगभरचे लेख सांगतात, 'खिडक्या उघडा, ताजी हवा येऊ द्या.' ताजी हवा! अहो, शेजारच्या डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडलाय आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालाय. कल्याणचं आधारवाडीचं डम्पिंग पेटलं की लोकांचे डोळे चुरचुरायचे, ते २०२१ च्या मेमध्ये एकदाचं बंद झालं. त्यात नव्वद फुटी रस्त्याच्या आजूबाजूला एवढे टॉवर उभे राहिलेत. बांधकाम आलं की सिमेंटची धूळ आलीच. तेव्हा आमचा नियम साधा. सकाळी उठल्यावर बाल्कनीत जाऊन नाकाने तपासायचं. आंबूस, केमिकलसारखा वास आला किंवा कचरा जळत असला तर खिडक्या बंद. नाहीतर समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास सताड उघड्या. हे काम लेकीने स्वतःकडे घेतलंय. "बाबा, आज ओपन!" असं ओरडून सांगते.

आणि आईचा धूप? हे बोलायला मला दोन आठवडे लागले. बोललो, तेव्हा ती काही म्हणाली नाही. पण दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच वागली. तीस-चाळीस वर्षांची सांजवेळ एका डॉक्टरच्या वाक्यावर कशी सोडणार? आता ती देवापुढे तुपाचं निरांजन लावते, लहानसं, थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून. उदबत्ती नाही. परवा मी म्हटलं, "आई, चुकल्यासारखं वाटतं का गं?" म्हणाली, "वाटतं. पण पोर झोपते ना रात्रभर."

यातलं काहीही औषधाला पर्याय नाही, हेही सांगून ठेवतो. लेकीचा रोजचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहे. 'पंपाची सवय लागते' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी चहा देतो आणि विषय बदलतो.

गेल्या महिन्यात तीच हापिसातली मंडळी पुन्हा आली होती. त्यातली एकजण दारातच थबकली, हवा हुंगली आणि म्हणाली, "या वेळी कसलाच वास नाही येत गं." बायकोने माझ्याकडे बघितलं.

असो. पाऊस थांबलाय, आणि आतून 'ओपन' अशी ऑर्डर आलीय. खिडक्या उघडतो.