बोंबील चालला अमेरिकेला

अमेरिकेत कुत्रा न्यायचा तर आधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. फोटो अपलोड करा, वय सांगा, रंग सांगा. रात्रीचे अकरा वाजले होते, डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून मी बसले होते आणि कर्सर एका रकान्यात लुकलुकत होता.

‘‘आई, याची जात काय लिहू गं?’’

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, ‘‘सीकेपी लिही. मासे सोडून दुसरं काही खातो का तो?’’

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं ते महाशय माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरत होते. नाव बोंबील. २०१५ च्या जुलैमध्ये मी आणि ताई सिटीलाइटच्या मच्छी मार्केटमधून घरी येत होतो, तेव्हा एका टोपलीमागे हे पिल्लू भिजून बसलेलं दिसलं. अंगावर मांस म्हणून नाही आणि आवाज मात्र असा की अख्ख्या मार्केटनं वळून बघावं. नाव ठेवायला आम्हाला दोन मिनिटंही लागली नाहीत. ताईनं त्याला ओढणीत गुंडाळलं, मी पिशवी धरली. (म्हणजे उचलला कोणी, तर ताईनं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.)

तर झालं असं की २०२४ मध्ये ताईच्या कंपनीनं तिला न्यू जर्सीला पाठवायचं ठरवलं. २५ ऑगस्टचं तिकीट. एडिसनमध्ये भाड्याचं घरही बघून झालं. ‘‘आणि बोंबील येतोय हं माझ्याबरोबर,’’ ताई म्हणाली. टूथब्रश घेतेय मी, असं सांगावं तशा आवाजात. तिचा हा कॉन्फिडन्स अगदीच हवेतला नव्हता. तिच्या टीममधल्या एकाचा लॅब्राडोर २०१९ मध्ये अमेरिकेला गेला होता आणि तिकडे रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट दाखवून बाहेर पडला होता. ‘‘एक कागद लागतो फक्त. तू घरीच असतेस ना? बघशील?’’

मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे आमच्या घराच्या हिशेबात मी ‘घरीच’ असते. गॅसवाला, प्लंबर, सोसायटीची मीटिंग, सगळं माझ्या बीटमध्ये. त्यात आता अमेरिकन सरकार आलं.

मास कॉमला आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती, कुणी काय सांगितलं ते सोडा आणि मूळ कागद शोधा. मी शोधला, आणि पोटात गोळाच आला. २०१९ चं जग संपलेलं होतं. कोविडच्या काळात अर्धवट किंवा खोटे कागद घेऊन येणाऱ्या कुत्र्यांची संख्या फार वाढली, म्हणून अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, १४ जुलै २०२१ पासून शंभरहून जास्त देशांतून कुत्री आणण्यावर बंदी घातली. परवानगी मिळायची, पण अटी घालून. त्याच्या आदल्याच महिन्यात अझरबैजानहून शिकागोला प्राण्यांची एक खेप उतरली होती आणि त्यातल्या एका कुत्र्याला रेबीज निघाला होता. ज्या देशानं कुत्र्यांमधला रेबीज २००७ सालीच संपल्याचं जाहीर केलं होतं, तो देश हादरणारच. मग आले १ ऑगस्ट २०२४ पासूनचे नवे, कायमचे नियम. कुत्रा सहा महिन्यांपेक्षा मोठा हवा, त्याला मायक्रोचिप हवी, फॉर्म भरलेला हवा. आणि ‘हाय रिस्क’ यादीतल्या देशात लस घेतलेला असेल, तर रक्ताची तपासणी आणि तिकडच्या नोंदणीकृत केंद्रात आधीपासून बुकिंग.

यादीत आपण आहोत. अर्थातच आहोत. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती चिडली नाही. तिच्या लहानपणी चाळीतल्या एका मुलाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, ती गोष्ट तिनं मला विसाव्यांदा सांगितली आणि म्हणाली, ‘‘बरोबर आहे त्यांचं. मी असते तर मीही नसता घेतला.’’

पण खरी गंमत पुढे होती. बोंबीलचं लसीचं पिवळं पुस्तक म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात नीटनेटकं डॉक्युमेंट. (माझं पासपोर्टचं फाइलही इतकं नीट नाही.) नऊ वर्षं, एकही लस चुकलेली नाही. आमच्या डॉक्टरांनी ते पुस्तक चाळलं, मिटलं आणि विचारलं, ‘‘चिप कधी बसवली?’’

चिप? भाऊ दाजी रोडपासून सिटीलाइटपर्यंत ज्याला सगळे नावानं ओळखतात, त्याला कशाला चिप?

तर नियम असा की चिप आधी आणि लस नंतर. चिप नसताना दिलेली लस नेमकी ह्याच कुत्र्याला दिली, याला पुरावा काय? थोडक्यात, अमेरिकेच्या लेखी बोंबीलला आयुष्यात एकही लस मिळालेली नव्हती. १० जुलैला त्याच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप गेली आणि त्याच टेबलवर ‘पहिली’ लस. त्यानंतर किमान ३० दिवस थांबून रक्त घ्यायचं, ते त्यांनी मान्य केलेल्या लॅबमध्ये पाठवायचं. प्रतिपिंडांचा आकडा ०.५ च्या वर यायला हवा. आणि रक्त घेतल्यापासून किमान २८ दिवस देशात पाऊल ठेवायचं नाही. तीस आणि अठ्ठावीस, अठ्ठावन्न. मी कॅलेंडरवर बोट फिरवत गेले आणि ते २५ ऑगस्ट ओलांडून सप्टेंबरात जाऊन थांबलं.

टायटर टेस्ट न करता नेलं तर? तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन, आपल्या खर्चानं. ते ताईला मान्य नव्हतं. म्हणून ठरलं ते असं, ताई पुढे जाईल आणि बोंबीलला मागून मी पाठवीन.

नियम बदलले की काय होतं हे मला लंडनच्या मैत्रिणीनंही ऐकवलं. ब्रेक्झिटच्या आधी ती तिच्या बीगलला घेऊन एका पेट पासपोर्टवर वर्षानुवर्षं फ्रान्सला जायची. १ जानेवारी २०२१ पासून तिकडे दिलेले ते पासपोर्ट युरोपात चालेनासे झाले. प्रत्येक ट्रिपला नवं हेल्थ सर्टिफिकेट, तेही निघायच्या दहा दिवसांच्या आत काढलेलं. ‘‘इथे माझ्यापेक्षा कुत्र्याचा व्हिसा महाग पडतो,’’ असं तिनं ग्रुपवर टाकलं. दरवेळी कागदच वाढतात असंही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमधून आपली मुलं मांजरी-कुत्री छातीशी धरून परत येत होती, तेव्हा भारत सरकारनं प्राणी आणण्याचे नियम त्यांच्यासाठी एकदाच म्हणून सैल केले होते. तेव्हा टीव्हीवर ते बघून मी आणि ताई दोघी रडलो होतो, आणि बोंबील आमच्याकडे ‘काय झालं काय?’ अशा चेहऱ्यानं बघत होता.

ताई गेली. विमानतळावर आईपेक्षा जास्त वेळ ती बोंबीलच्या फोटोकडे बघत होती.

आता जे सांगणार आहे ते ताईला मी फोनवर सांगून टाकलंय, म्हणून लिहायला हरकत नाही. बोंबील उचलला ताईनं, पुस्तकावर नाव ताईचं. पण ताईचा दिवस सकाळी आठ ते रात्री नऊ. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा गच्चीवर त्याला फिरवणारी मी. दुपारी लेख लिहिताना पायाशी तो. संध्याकाळी झेड ब्रिज ओलांडून फाइव्ह गार्डनला त्याला नेणारी मी. ब्रिजच्या वळणावर खालून लोकल गेली की तो थांबतो आणि ती पूर्ण जाईपर्यंत हलत नाही. ती गाडी आपणच हाकलली, असा त्याचा समज असावा. हे ताईला माहीत नव्हतं. फॉर्मवर मालकाच्या रकान्यात तिचं नाव टाइप करताना माझी बोटं अडखळली, ती या ब्रिजमुळे.

रक्त घ्यायची तारीख १२ ऑगस्ट ठरली होती. मी ती पुढे ढकलली. एका कव्हर स्टोरीची डेडलाइन आहे, असं डॉक्टरांना सांगितलं. डेडलाइन होती, खोटं नाही. पण क्लिनिक घरापासून सात मिनिटांवर आहे. मग पाऊस होता. मग ताईची निघायची गडबड. असे करत करत सोळा दिवस गेले. ताई तिकडून विचारायची, ‘‘सँपल गेलं?’’ आणि मी म्हणायची, ‘‘या आठवड्यात नक्की.’’ २८ ऑगस्टला शेवटी आईनंच त्याला लीश लावली आणि मला चपला घालायला सांगितलं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, ‘‘तिथे ती संध्याकाळी घरी येते तेव्हा घरात कोणी नसतं.’’

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

रक्त घेताना बोंबील शहाण्यासारखा उभा राहिला. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता आणि तेवढे सगळे दिवस मी मनातल्या मनात एकच गणित करत होते, आकडा ०.५ च्या खाली आला तर? म्हातारा होतोय, नऊ वर्षांचा आहे. येऊही शकतो ना कमी? मग परत लस, परत तीस दिवस, परत सँपल... त्यात थंडी येईल, मग ताईच म्हणेल की राहू दे. आपल्याच कुत्र्याची तपासणी नापास व्हावी म्हणून वाट बघणारी माणसं किती असतील, कोण जाणे.

मध्ये गणपती आले. माटुंग्यात ते दिवस म्हणजे किंग्ज सर्कलला जीएसबीच्या गणपतीची रांग आणि रात्री कुठून ना कुठून ढोल. बोंबील दरवर्षीसारखा बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसायचा, आणि दरवर्षीसारखी मी बाहेर फरशीवर बसून काम करायची. विसर्जनानंतरच्या आठवड्यात मेल आला. पास. नुसता पास नाही, हवं होतं त्याच्या कितीतरी पट वर आकडा. नऊ वर्षांचं ते पिवळं पुस्तक कागदावर कुणी मानलं नव्हतं, पण रक्तात सगळं शिल्लक होतं.

मी ताईला फोन केला. तिकडे सकाळ होती. आधी आकडा सांगितला. ती ओरडली. मग ते सोळा दिवस सांगितले. पलीकडे केटलचा आवाज येत राहिला.

‘‘माहितीये मला,’’ ती म्हणाली. ‘‘आईनं सांगितलं नाही. तू ‘या आठवड्यात’ म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. लहानपणापासून तू हेच म्हणतेस.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘राहू दे का त्याला तिथे?’’

प्रश्न तिनं खरंच विचारला होता. मी हो म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं, याची मला खात्री आहे. मी म्हटलं, ‘‘झेड ब्रिजसारखं काही आहे का तुझ्याकडे? त्याला ट्रेन लागते संध्याकाळी.’’ ती म्हणाली, स्टेशन आहे. चालत पंधरा मिनिटं.

पुढचं सगळं भरभर झालं. सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का, ॲनिमल क्वारंटाइनचं सर्टिफिकेट, कार्गोचं बुकिंग. तिकीट ताईच्या तिकिटापेक्षा महाग! न्यूअर्क विमानतळ ताईच्या घराजवळ, पण यादीतल्या कुत्र्यांना नियमाप्रमाणे ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं आणि त्यात न्यूअर्क नाही. म्हणून जेएफके. तिथल्या केंद्रात डॉक्टर तपासणार, चिप वाचणार, पुन्हा एक लस टोचणार. कुठल्याही देशात गेला तरी याचं पहिलं स्वागत सुईनंच, बिचारा. तीन आठवडे क्रेट हॉलमध्ये मांडून ठेवला आणि जेवण आतच द्यायला लागलो, म्हणजे सवय होईल. पहिल्या दिवशी आत गेलीच नाही स्वारी. आईनं आत सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला. हा नरभक्षकपणा आमच्या घरात नऊ वर्षं चालू आहे, माफ करा.

दसरा झाला आणि दोन दिवसांनी सहारच्या कार्गो टर्मिनलवर मी त्याला सोडलं. आत ताईचा जुना टी-शर्ट अंथरला होता. तिथल्या माणसानं स्कॅनर मानेवरून फिरवला, टीं वाजलं, पंधरा आकडे उमटले. त्यानं कागदाशी ताडून पाहिले आणि मान हलवली. क्रेटची जाळी लावली तेव्हा बोंबील बोंबलला नाही. ट्रॉली वळली आणि मागून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत त्यानं मान वळवून ठेवली होती.

गेल्या रविवारी बऱ्याच महिन्यांनी मी मच्छी मार्केटला गेले. ज्या मावशींच्या टोपलीमागे तो सापडला होता, त्या अजून तिथेच बसतात. पापलेटचा भाव सांगता सांगता त्यांनी माझ्या पायाशी बघितलं.

‘‘तुझा बोंबील कुठं गेला गं? दिसत नाय.’’

‘‘अमेरिकेला गेला, मावशी.’’

‘‘बोंबील? अमेरिकेला?’’ त्या कोयता धरूनच हसायला लागल्या. ‘‘ओला का सुका?’’

शेजारच्या दोघीही हसल्या. मीही हसले. मग मावशींनी सवयीनं मुंडक्यांची वेगळी पिशवी बांधली आणि माझ्या हातात ठेवली. मी घेतली. झेड ब्रिजच्या पायऱ्यांपाशी एक काळी कुत्री असते, उजवा कान फाटलेली. महापालिकेनं नसबंदी केल्याची खूण असते ती. तिच्या पुढ्यात पिशवी उघडली. तिनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग जेवायला लागली.