जेवणाच्या टेबलावरचा माइक



लेनर्ड कोहेन हे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलं नसेल. मलाही ते लेकामुळे कळलं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, ज्यू कुटुंबात १९३४ साली जन्मलेले हे गृहस्थ स्वतः गाणी लिहायचे आणि स्वतःच गायचे. कोहेन हे त्यांच्यातलं पुरोहित घराण्याचं आडनाव, आपल्याकडे उपाध्ये असतात ना, तसं. इंग्रजी गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पण त्यांच्या शेवटच्या अल्बमविषयी वाचलं आणि तो विषय काही डोक्यातून जाईना.

तो अल्बम 'यू वॉन्ट इट डार्कर', २०१६ सालचा. कोहेन तेव्हा लॉस एंजेलिसला राहायचे, वरच्या मजल्यावर ते आणि खाली लेक नि नातवंडं. पाठीच्या मणक्यांना फ्रॅक्चर झालेली, बाहेर पडणं अवघड. मग त्यांच्या मुलाने, अ‍ॅडमने, स्टुडिओच घरात आणला. तोही गायकच. बैठकीच्या खोलीत रुग्णांची खुर्ची, जेवणाच्या टेबलावर माइक, समोर लॅपटॉप, एवढाच संसार. वडील जमेल तसं, बसल्या जागी गायचे. मुलाने पुढे सांगितलं की कधीकधी आनंदाच्या भरात, दुखत असतानाही, ते उठून उभे राहायचे आणि एकच गाणं स्पीकरवर पुन्हापुन्हा ऐकायचे, कॉलेजातल्या पोरांसारखे. लहानपणी ज्या प्रार्थनामंदिरात जायचे, तिथल्याच गायकवृंदाचे सूर त्यांनी या अल्बममध्ये घेतले.

मी कॉमर्सची, त्यामुळे पहिला प्रश्न मनात आला तो पैशाचा. या वयात, एवढ्या दुखण्यात, कशासाठी? तर पैशाची गोष्ट त्याआधीच होऊन गेली होती. म्हातारपणासाठी साठवलेले लाखो डॉलर त्यांचे व्यवहार बघणाऱ्या व्यक्तीनेच काढून घेतले होते. (बायांनो, सही करण्याआधी कागद वाचत जा, हे मी दर वेळी सांगते.) २००८ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, ते पुन्हा गावोगाव कार्यक्रम करत फिरले आणि गेलेलं भरून काढलं. म्हणजे २०१६ चं हे काम पोटासाठी नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे गृहस्थ १९९९ मध्ये मुंबईत होते! आधी काही वर्षं अमेरिकेत एका डोंगरावरच्या झेन मठात राहून साधू झालेले. तिथून निघाले ते रमेश बाळसेकरांचं ऐकायला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे मोठे अधिकारी, निवृत्तीनंतर अद्वैतावर घरीच बोलायचे. खतावण्या बघितलेल्या माणसाकडे आत्म्याचं ऐकायला कुणी सातासमुद्रापलीकडून येतं, याचं मला भारी कौतुक वाटलं.

अल्बम येण्याच्या सुमारास एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत कोहेन म्हणाले की आपण मरायला तयार आहोत. काही गाणी अपुरी आहेत, ती पुरी होतील असं वाटत नाही. पण जमत असेल तर आवराआवर करण्यासारखं समाधान नाही, अशा अर्थाचंही बोलले. लोक हळहळले, तेव्हा आठवड्याभरात हसत म्हणाले, जरा जास्तच बोलून गेलो, माझा तर कायमचं जगायचा बेत आहे. आपल्यातली कुणी म्हणेल, ही सल्लेखनाच की! मी तसं म्हणणार नाही. तिथे व्रत असतं, गुरूंची आज्ञा असते. इथे एक म्हातारा माणूस औषधं घेत, थट्टा करत, हातातलं काम पुरं करत होता. त्याला तेवढंच म्हणावं.

मला विचार करायला लावलं ते मुलाने. आपण काय करतो? "आता आराम करा" म्हणतो आणि टीव्ही लावून देतो. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, ८६ वर्षांच्या. मणक्याला चीर गेलेली, कमरेला पट्टा. घरातल्या प्रत्येक बारशाला त्यांनी स्वतः पाळणा रचलाय, असे सात. नणंदबाई म्हणतात, "वैनी, आईला कशाला दगदग?" पण आत्तींच्या वहीत शब्द आहेत, चाल नाही. चाल फक्त त्यांच्या गळ्यात आहे. म्हणून दुपारी मी मोबाइल ठेवते, उशीचा टेकू देते, आणि दोन कडवी झाली की दमतात तेव्हा बंद करते. नणंदबाईंची काळजी खोटी नाही, दुखतं त्यांना. पण गाऊन झाल्यावर जेवतातही नीट.

कोहेन गेले ७ नोव्हेंबर २०१६ ला, अल्बम येऊन १७ दिवस झाले होते. त्यांच्या आवाजातलं जे उरलं होतं, त्याला मुलाने साथ-संगत जोडली आणि २०१९ मध्ये आणखी एक अल्बम काढला. आवाज धरून ठेवला होता म्हणून ते जमलं.

आमचे चार पाळणे झालेत, तीन बाकी. त्यात काल आत्तींनी तिसऱ्या पाळण्यातला एक शब्द बदलला. "हा बसत नव्हता गं, चाळीस वर्षं खुपत होता," म्हणाल्या. म्हणजे तो परत घ्यायचाय. मंगळवारी दुपारी घेऊ, पंखा बंद करून, कुकर लावायच्या आधी.